दहाव्याचा कावळा

खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात दोन भाऊ राहत होते, दोघेही बुरूड. थोरला सुभाना, धाकटा लिंबाजी. आईबाप लवकर गेले, म्हणून सुभानानेच लिंबाला वाढवलं. टोपली विणताना बांबूचं कुसळ बोटात गेलं की लिंबा गाव गोळा करायचा. सुभाना ते कुसळ दाताने काढायचा आणि म्हणायचा, "आता थोडा रड, नाहीतर कुसळाला वाईट वाटेल."

पुढे सुभानाचं लग्न झालं. सगुणा घरात आली. लिंबा वहिनीच्या भाकरीला नावं ठेवायचा आणि चार भाकरी खायचा. तिघांचं बरं चाललं होतं.

पण त्या मुलखात लढाई सुरू होती. डोंगराच्या अलीकडे एक राजा होता आणि पलीकडे दुसरा. मधली खिंड कोणाची, यावरून त्यांचं जुंपलं होतं. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं, की लढाई खिंडीसाठी आहे. सातव्या वर्षी विचारलं तर लोक दुसरीकडे बघायचे. खिंडीत गवत माजलं होतं. तिथून आता धनगरांच्या मेंढ्यांशिवाय कोणी जात नव्हतं.

लढाई थांबत नव्हती ती एका कावळ्यामुळे.

माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी त्याचा पिंड ठेवतात. कावळा शिवला तर माणूस समाधानाने गेला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली. मग घरचे एकेक गोष्ट बोलून बघतात. तुझी गाय विकणार नाही. बहिणीचं लग्न वेळेवर करू. मनातली गोष्ट बोलली गेली की कावळा येतो, असं सगळे मानतात.

लढाईत पहिला शिपाई पडला तेव्हा राजा स्वतः त्याच्या दहाव्याला गेला होता. कावळा येईना. घरच्यांनी बोलायचं ते सगळं बोलून झालं. शेवटी राजा म्हणाला, "तुझा सूड घेऊ." आणि कावळा आला. राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. त्या दिवशी त्याने नियम केला. शिपाई पडला की त्याच्या दहाव्याला राजाचा कारभारी ढोल घेऊन जाईल, राजाच्या नावाने सुडाचा शब्द देईल आणि घरातला दुसरा माणूस मेलेल्याचा भाला उचलेल.

असा एकेक माणूस पडत गेला आणि एकेक शब्द वाढत गेला. तिसऱ्या वर्षी पलीकडच्या राजाने तहासाठी नारळ पाठवला होता. आपल्या राजाने तो परत केला. म्हणाला, "माझा शब्द मेलेल्यांना गेला आहे. जिवंतांशी बोलू कसा?"

पाचव्या वर्षी हुकूम आला, घरटी एक माणूस. लिंबा उठलाच. "मी जातो," म्हणाला. सुभानाने त्याच्या हातात अर्धं सूप ठेवलं. म्हणाला, "आधी हे पुरं कर. सुपाचा काठ अजून वळवता येत नाही आणि निघाला भाला फिरवायला."

लिंबाला राग आला. सुभानाला दाखवूनच द्यायचं म्हणून तो मान खाली घालून काठ वळत बसला. दोनदा चुकला, दोनदा उसवला. तिसऱ्यांदा काठ नीट बसला तेव्हा त्याने मान वर केली. सुभाना तोवर गावाची वेस ओलांडून गेला होता.

दोन वर्षांनी एक शिपाई आला. त्याच्या हातात सुभानाचं पागोटं होतं. बाकी काही सांगायची गरज पडली नाही.

लिंबा रडला नाही. त्याने अंगणातले सगळे बांबू चिरले. सहा महिने पुरतील इतके बांबू एका दिवसात चिरले आणि त्यातली एकही कांबी टोपलीत विणण्यासारखी राहिली नाही. मग तो दिवस मोजत बसला. दहावा आला की भाला मिळणार होता.

"भावजी, दोन घास खा," सगुणा म्हणाली.

"दहाव्यानंतर खाईन. भाला हातात आल्यावर."

"भाल्याबरोबर तोंडी लावायला काय करू? पिठलं की आमटी?"

एरवी लिंबा हसला असता. तो हसला नाही, पण अर्धी भाकरी त्याने खाल्ली. तिने पाठ फिरवून डोळे पुसले.

दहाव्याला सारं गाव घाटावर आलं. त्या गावात बायकाही येत. भटजींनी पिंड ठेवला. कारभारी दोन ढोलवाले आणि एक शिपाई घेऊन आला होता. शिपायाच्या काखेत झाकण लावलेली, वर फडकं बांधलेली टोपली होती. त्यात पूजेचं सामान आहे, असं कारभाऱ्याने सांगितलं. शिपाई ती घेऊन मोठ्या दगडामागे जाऊन बसला.

ढोल सुरू झाले. घाटावरच्या करंजावर पंधरा-वीस कावळे बसले होते. ते उडाले आणि नदीपलीकडे गेले. पिंडाकडे एकही फिरकला नाही. कारभाऱ्याने हात वर केला.

"बघा. सुभानाचा जीव तळमळतो आहे. सुभाना, राजा शब्द देतो. तुझा सूड घेऊ. तुझा भाऊ तुझा भाला उचलेल."

तेवढ्यात दगडाच्या बाजूने एक कावळा आला. उडत नाही, चालत आला. त्याने पिंडाला चोच मारली. बायकांनी हंबरडा फोडला. पुरुषांनी हात जोडले. कारभाऱ्याने भाला पुढे केला आणि लिंबाने तो घट्ट धरला.

भाला घेऊन वळताना त्याला दगडामागचा शिपाई दिसला. शिपाई टोपलीचं झाकण लावत होता. फडकं बाजूला पडलं होतं. लिंबाने टोपलीकडे पाहिलं आणि तो तिथेच थांबला.

बुरडाला टोपली कशाची ते विचारावं लागत नाही. धान्याची वीण घट्ट असते. पूजेच्या टोपलीची त्याहून बारीक असते, म्हणजे कुंकू सांडत नाही. ही वीण मोकळी होती. कोंबड्या झाकायच्या डालग्याची असते तशी, आतल्या जिवाला श्वास घेता यावा म्हणून.

त्या वेळी लिंबाला काही दिसलं नसतं तर त्याला बरं वाटलं असतं. हातात भाला होता तोवर हातांना काम होतं. भाला खाली ठेवला तर काय उरणार होतं? दादा नाही, एवढंच. तो कावळा खरा असावा असं त्याला फार वाटत होतं. तो पुन्हा पुन्हा टोपलीकडे बघत होता. वीण तशीच होती.

त्याने भाला वाळूवर ठेवला.

"कारभारी, ही टोपली कोंबडीची आहे."

"पूजेची आहे."

"सात वर्षांचा होतो तेव्हापासून मी टोपल्या विणतो. ही पाखराची आहे. आणि त्या कावळ्याचे पंख कापलेत."

कारभारी जवळ आला. त्याचा आवाज खाली गेला. "अरे, ढोलाजवळ कुठला कावळा येणार? मग मी राजाला काय सांगू? गावोगाव हाच शिवतो. लोकांना समाधान मिळतं, सुखाने घरी जातात. तुला नको समाधान?"

"हवं होतं," लिंबा म्हणाला. "पण हा माझ्या दादाला ओळखत नाही."

तेव्हा कारभारी मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भाल्याला भ्यालास असं सांग की सरळ."

गर्दीत कोणीतरी हसलं. लिंबाचे कान तापले. त्याची मूठ वळली आणि तो कारभाऱ्यावर धावला असता. सगुणाने त्याचं मनगट धरलं.

"भावजी, दुसरा पिंड ठेवा," ती म्हणाली. "मारामारी काय, उद्याही करता येईल."

लिंबा ढोलवाल्यांकडे वळून म्हणाला, "ढोल थांबवा."

ढोलवाल्यांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. त्यातल्या एकाचा भाऊ चौथ्या वर्षी पडला होता. त्याच्याही पिंडाला पंख कापलेला कावळा शिवला होता, आणि तेव्हा ढोल याच्याच गळ्यात होता. त्याने टिपरू खाली ठेवलं. मग दुसऱ्यानेही ठेवलं.

घाटावर शांत झालं. नदी वाहते आहे, हे लोकांना तेव्हा ऐकू आलं. भटजींनी दुसरा पिंड मांडला. पलीकडचे कावळे हळूहळू करंजावर परतले. पण खाली उतरेनात.

"दादा, वहिनीला काही कमी पडू देणार नाही," लिंबा म्हणाला.

कावळे बसून राहिले.

"छप्पर शाकारून घेईन. सुपाचा काठ नीट वळवायला शिकेन."

एक कावळा मान वाकडी करून बघत राहिला. लिंबाचा धीर सुटला.

"दादा, ज्यांनी तुला मारलं त्यांना मी मारीन."

त्याने हे कारभाऱ्यासाठी म्हटलं नव्हतं, अगदी मनापासून म्हटलं होतं. कावळे हलले नाहीत. उन्हं चढली. माणसं चुळबुळ करू लागली. कारभारी दगडावर बसून दाढी खाजवत होता.

मग सगुणा पुढे आली.

"भावजी, हे निघाले तेव्हा तुम्ही सूप घेऊन बसला होतात. चुलीपाशी येऊन मला म्हणाले, 'लिंब्या रागीट आहे. मला काही झालं तर तो धावत सुटेल. त्याला धरून ठेव.' मी एकटी तुम्हाला कशी धरू? नऊ दिवस तुम्ही कोणाचं ऐकत नव्हतात."

लिंबा खाली बसला. भाला त्याच्या हाताजवळच पडला होता. सारं गाव बघत होतं आणि आता तो जे बोलणार होता, त्याला सगळे भेकड म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं.

"दादा, मी जाणार नाही," तो म्हणाला. "मी घरी राहीन."

आणि तो रडला. दहा दिवसांत पहिल्यांदा, लहानपणी रडायचा तसा, गाव गोळा करून. रडणं चालू असतानाच करंजावरून एक कावळा उतरला, पिंडाला शिवला, चोचभर भात घेऊन पुन्हा झाडावर गेला. मग बाकीचेही उतरले.

कोणी म्हणेल, ढोल थांबले होते आणि कावळ्यांना भूक लागली होती. असेलही. पण त्या दिवशी गावातल्या कोणी तसं म्हटलं नाही.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्याने कारभाऱ्याला टोपलीसकट बोलावलं आणि स्वतःच्या हाताने झाकण काढलं. कावळा बाहेर आला, चालत राजाच्या पायाशी गेला आणि चोच उघडून उभा राहिला. त्याला कोणी ना कोणी भात देतंच, हे त्याला माहीत होतं. राजाने खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "सात वर्षं मी शब्द दिला तो याला?"

दुसऱ्या दिवशी त्याने पलीकडच्या राजाला नारळ पाठवला. नारळ परत आला. सोबत निरोप होता, "आमचाही शब्द मेलेल्यांना गेला आहे." लढाई सुरू करायला एक राजा पुरला होता. थांबवायला दोन लागत होते. दरबारातले सरदारही कुरकुरू लागले. ज्यांना लढाईत जहागिरी मिळाल्या होत्या, त्यांना तहाचं नाव नको होतं.

पण डोंगराच्या अलीकडच्या गावांत दहाव्याला ढोल वाजेनासे झाले. लोक घाटावर शांत बसत आणि गेलेल्याला खरंच काय हवं होतं ते आठवत. कोणाला विहिरीतला गाळ काढायचा होता. कोणाला सासऱ्याशी धरलेला अबोला सोडायचा होता. एकाचं फक्त एवढंच होतं, त्याच्या कुत्र्याला घरात झोपू द्यावं. कितीतरी पिंड ठेवले गेले. सूड मागणारा एकही निघाला नाही. भाले घाटावरच पडून राहू लागले.

एके दिवशी एक धनगर लिंबाकडे टोपली घ्यायला आला. त्याच्या मेंढ्या डोंगराच्या दोन्ही अंगांना चरत. सगुणाने त्याला विचारलं, "पलीकडेही घाट असेल ना?"

"असणारच. माणसं मरतात तिथे घाट असतोच."

"आणि ढोल?"

"इकडच्यापेक्षा मोठे."

"मग तिकडच्या बायकांना सांगा," सगुणा म्हणाली. "एकदा ढोल थांबवून बघा म्हणावं. आणि टोपलीची वीण बघा."

लिंबाने धनगराकडून टोपलीचे पैसे घेतले नाहीत. धनगर म्हणाला, "एवढ्याशा निरोपाचे एवढे पैसे?" आणि निघून गेला.

खिंड कोणाची, ते अजून ठरलेलं नाही. मागच्या अमावस्येला डोंगरापलीकडून ढोल ऐकू आले. तिकडे कोणाचा तरी दहावा होता. आपल्या गावातली माणसं हातातलं काम टाकून अंगणात आली. सगुणा दारात उभी राहिली. लिंबाच्या हातातली कांबी तशीच राहिली. ढोल वाजत होते, वाजत होते, आणि मधेच थांबले.

तात्पर्य एवढंच: मेलेल्याच्या नावाने जो तुमच्या हातात भाला देतो, तो मेलेल्या माणसाला ओळखत नव्हता. जो ओळखत होता, त्याला विचारा. तो सांगेल, मेलेल्याला तुम्ही जगायला हवे होतात.