राणी तरंगिणी आणि हट्टी कवड्या

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला ‘नाही’ म्हणणारं कुणी नव्हतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. राजाचं नाव अभंगसेन. अंगाने धिप्पाड, मिशीला पीळ, बोलणं तोडून. वैद्याने म्हणावं, महाराज, जरा विसावा घ्यावा. राजाने म्हणावं, तू घे. प्रधानाने म्हणावं, महाराज, एवढं ऐकून घ्यावं. तोवर राजा घोड्यावर. त्याची राणी तरंगिणी डोंगराळ मुलखातल्या एका लहानशा राजाची लेक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा घरात टेकला आहे आणि दोघं चार शब्द बोलत बसली आहेत, असं तिच्या वाट्याला कधी आलं नाही. मग तिनेही वाट बघणं सोडलं. निदान सोडलं असं ती म्हणायची.

एकदा राजा शिकारीला गेला आणि वाट चुकून एका गुहेपाशी पोचला. गुहेच्या तोंडाशी एक म्हातारा मांत्रिक बसला होता. आत सोन्याच्या राशी होत्या आणि राशींवर एक निळा मणी होता. राजा आत गेला, मणी उचलला आणि बाहेर निघाला.

म्हातारा म्हणाला, “राजा, आलास तसा घटकाभर बस.”

“मला वेळ नाही.”

“मग मला उठायला हात दे.”

“नोकर पाठवीन.”

“मग तो मणी तरी सोड. तो माझ्या गुरूचा आहे.”

“माझ्या राज्यात जे सापडेल ते माझं,” राजा म्हणाला.

म्हाताऱ्याला राग आला नाही. त्याने नुसतं खाली वाकून चिमूटभर माती उचलली. “तीनदा सांगितलं, तीनदा ऐकलं नाहीस. आता तीनदा ऐकशील तेव्हाच माणूस होशील. पळस पुन्हा फुलेपर्यंत मुदत.” एवढं बोलून त्याने माती फुंकली आणि राजाचा कुत्रा झाला.

संध्याकाळी राजवाड्याच्या मागच्या दाराशी एक ठिपक्याठिपक्यांचा दांडगा कुत्रा येऊन उभा राहिला. तोंडात निळा मणी, पाठीवर एक साळुंकी. दार राणीनेच उघडलं.

साळुंकी म्हणाली, “राणी, हा तुझा नवरा आहे. मला मांत्रिकाने साक्षीला पाठवलं आहे. यानं बस म्हटल्यावर बसायचं, हात दे म्हटल्यावर हात द्यायचा आणि सोड म्हटल्यावर मणी सोडायचा. तीन गोष्टी झाल्या की शाप सुटला. पळस फुलला तर मात्र जन्मभर हा असाच.”

राणी कुत्र्याकडे बघत राहिली. कुत्र्याने नाक वर केलं आणि तिच्याकडे न बघता आत गेला. “हो, हेच ते,” राणी म्हणाली.

ही गोष्ट फक्त प्रधानाला सांगितली. प्रजेला कळवलं की महाराज अनुष्ठानाला बसले आहेत. प्रजेला ते खरं वाटलं नाही. महाराज आणि बसले आहेत! पण विचारणार कोण?

आता राणीला कुत्री शिकवणं नवं नव्हतं. माहेरी लहानपणी तिने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना नाना खेळ शिकवले होते. अडचण वेगळीच होती. नवऱ्याला हुकूम करायची तिला सवय नव्हती. पहिल्या दिवशी ती कुत्र्यापुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, “महाराजांनी कृपा करून आसनस्थ व्हावं.” कुत्र्याने जांभई दिली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “महाराज, बसावं.” कुत्रा उठून बागेत गेला.

साळुंकी म्हणाली, “अगं बाई, कुत्रा आहे तो! कुत्र्याशी कुत्र्यासारखं बोल.”

राणीने डोळे गच्च मिटले. “ए कवड्या,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली. पण कुत्र्याचे कान ताठ झाले. अंगावर कवड्यांसारखे ठिपके, म्हणून त्या दिवसापासून त्याचं नाव कवड्या पडलं.

मग शिकवणी नीट सुरू झाली. राणी बोटांत भाकरीचा तुकडा धरायची, कवड्याच्या नाकापासून डोक्याच्या मागे न्यायची. तुकड्याबरोबर मान वर झाली की ढुंगण आपोआप खाली टेकायचं. टेकलं रे टेकलं की राणी म्हणायची, “बस!” आणि तुकडा त्याचा. तुकडा खाताना मणी पुढच्या पायाखाली दाबलेला. कुणी नुसता हात पुढे केला तरी गुरगुर. कवड्या कंटाळायच्या आत राणी खेळ आटपायची, म्हणजे उद्या तो स्वतःहून येईल. आठवडाभरात तो ‘बस’ म्हटलं की बसू लागला. राणीचा जीव भांड्यात पडला.

साळुंकी म्हणाली, “हे धरलं जाणार नाही. हे त्यानं पोटानं ऐकलं.”

प्रधानाने ही गोष्ट ऐकली आणि एक छडी घेऊन आला. “राणीसाहेब, आपण मऊ वागता.” छडी पाहताच कवड्या मटकन बसला.

“हेही नाही,” साळुंकी म्हणाली. “हे त्यानं पाठीनं ऐकलं.”

आणि झालं असं, की छडीनंतर कवड्या पलंगाखाली जाऊन बसला तो बाहेरच येईना. राणीचा तिळपापड झाला. “प्रधानजी, पुन्हा छडी घेऊन आलात तर तुम्हालाच पलंगाखाली घालीन!” एवढं मोठ्याने ती राजवाड्यात कधी बोलली नव्हती. प्रधान मुकाट्याने निघून गेला.

मग राणीने शिकवणी बंदच केली. ती नुसती त्या पलंगापाशी जमिनीवर बसून राहायची. कधी फुलं ओवायची, कधी माहेरच्या गोष्टी सांगायची. थोड्या दिवसांनी पलंगाखालून एक नाक बाहेर आलं. मग एक कान. मग सबंध कवड्या.

त्यानंतर तिने त्याला नुसते मजेचे खेळ शिकवले. ‘गोल फिर’ म्हटलं की गिरकी घ्यायची. ‘लोळ’ म्हटलं की लोळायचं. ‘मेला’ म्हटलं की चारी पाय वर करून डोळे मिटायचे. शापाशी यांचा काही संबंध नव्हता. पण कवड्या मेल्याचं सोंग घ्यायचा तेव्हा त्याची शेपटी मात्र जिवंत राहायची, जमिनीवर आपटत राहायची, आणि राणी हसून हसून बेजार व्हायची. वाड्यातल्या बायकांनी राणीला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तोंडात बोटं घातली.

एका दुपारी ऊन रणरणत होतं. राणी मागच्या पडवीत शेंगा सोलत होती आणि कवड्या मणी तोंडात घेऊन नुसता येरझारा घालत होता. राणी वैतागली. “अरे, किती फिरशील? बस ना जरा माझ्यापाशी.”

कवड्या आला आणि तिच्यापाशी बसला. हातात तुकडा नव्हता, छडी नव्हती. बसला तो बसलाच.

“हे धरलं,” साळुंकी म्हणाली.

त्याबरोबर कुत्र्याची सावली बदलली. कुत्रा कुत्राच राहिला, पण भिंतीवर एक धिप्पाड माणूस मांडी घालून बसलेला दिसू लागला. राणीने ती सावली पाहिली आणि सूपभर सोललेल्या शेंगा सांडल्या.

पावसाळा गेला, थंडी पडली, राणीला ताप भरला. ताप उतरला त्या दिवशी ती भिंतीला धरून उठू लागली, पण पायांत बळ नव्हतं. कवड्या समोरच होता. ती थट्टेने म्हणाली, “बघतोस काय नुसता? हात दे.” कवड्याने पंजा उचलून तिच्या हातात ठेवला आणि ती उभी राहीपर्यंत काढला नाही.

“हेही धरलं,” साळुंकी म्हणाली.

आणि कवड्याला माणसाची वाचा आली. मणी तोंडात होता, त्यामुळे शब्द जरा बोबडे आले. “या घरचं दूध,” तो म्हणाला, “फार पातळ असतं.”

इतक्या महिन्यांनी नवऱ्याचा पहिला शब्द आणि तोही दुधाबद्दल! राणीने कपाळाला हात लावला. मग एकदम तिला भान आलं. तिने पदर सावरला. “महाराज, आपण…”

“आपण नको,” कवड्या म्हणाला. “आतापर्यंत म्हणत होतीस तसंच म्हण.”

आता उरलं एकच. राणी म्हणाली, “मग कवड्या, मणी सोड.”

“नाही सोडणार.”

“का रे?”

“सोडला तर त्या म्हाताऱ्यापुढे मी हरलो.”

राणीने मण्याच्या बदल्यात आपला चंद्रहार पुढे केला. कवड्याने हुंगलाही नाही. तिने मणी धरून ओढला. कवड्याने दात आवळले. कुत्र्याच्या तोंडातलं ओढलं की तो जास्तच घट्ट धरतो, हे तिला माहेरीच ठाऊक झालं होतं, तरी ओढला. मग मात्र तिने हात मागे घेतला आणि पुन्हा मण्याचा विषय काढला नाही.

दोघांचे दिवस बरे चालले होते. सकाळी गिरक्या आणि लोळण, दुपारी पडवीत गप्पा. कवड्याने तिला सांगितलं की लढाईच्या आधी त्याच्या पोटात गोळा येतो. राणीने त्याला सांगितलं की लग्नानंतर वर्षभर ती रोज रडत होती. “मला कुणी सांगितलं नाही,” कवड्या म्हणाला. “तू कुणाला सांगू दिलंस?” राणी म्हणाली. त्याने डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

अंगणात पळसाची पानं गळाली. फांद्यांवर काळ्या मखमली कळ्या धरल्या. साळुंकी रोज जाऊन कळ्या बघून यायची. एके सकाळी ती राणीच्या खांद्यावर बसली. “राणी, आज सूर्य मावळेपर्यंत पहिली कळी उमलेल. आणि मी साक्षीदार आहे म्हणून विचारते. महिना झाला, तू एकदाही ‘सोड’ म्हणाली नाहीस. का?”

राणीचं तोंड उतरलं. ती उठून पडवीत गेली आणि कवड्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

“कवड्या, मी तुझ्याशी खोटेपणा केला,” ती म्हणाली. “तू मणी सोडत नव्हतास आणि मला ते बरं वाटत होतं. तू माणूस झालास की मिशीला पीळ भरशील, घोडा मागवशील आणि जाशील. मग ही पडवी आणि मी. म्हणून मी गप्प बसले.”

“मग गप्पच बस,” कवड्या म्हणाला. “मी असाच राहतो. मला काही कमी नाही.”

राणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं सांगायचं तर हेच तिला ऐकायचं होतं. क्षणभर तिने ते तसंच घट्ट धरलं.

“कुत्रं किती वर्षं जगतं, ठाऊक आहे तुला?” तिने विचारलं. “दहा, बारा. माहेरी मी आपल्या हातांनी कितीतरी पुरली. तुला मी पुरणार नाही. माझ्यापाशी राहिला नाहीस तरी चालेल. कुठेतरी घोड्यावर बसलेला, माझं न ऐकणारा, पण जिवंत असशील. मी पण एक धरून बसले होते, कवड्या. ते मी सोडलं. आता तू सोड.”

कवड्याने मान खाली केली, जबडा उघडला आणि निळा मणी तिच्या ओंजळीत ठेवला.

“धरलं,” साळुंकी म्हणाली. अंगणात पळसाची पहिली कळी फुटली आणि पडवीत राजा अभंगसेन उभा राहिला.

पुढे सगळं राणीला वाटलं होतं तसंच झालं. राजाने मिशीवरून हात फिरवला. घोडा मागवला. प्रधान धावत आला, नगारे वाजले, लोक गुलाल उधळू लागले. “मणी परत करायला जायचं आहे,” राजा म्हणाला. “राणीसाहेब, आपणही चलावं.” राणी पदर डोक्यावर घेऊन मेण्यात बसली. राजाचा घोडा पुढे होता. वाटभर तिला त्याची पाठच दिसत होती. झालं, गेला, ती मनाशी म्हणाली.

गुहेपाशी म्हातारा होता तिथेच होता. राजाने मणी त्याच्या हातात दिला आणि क्षमा मागितली. म्हाताऱ्याने मणी राशीवर ठेवला. राशी आतच राहिल्या, गुहेचं तोंड मिटलं आणि तिथे नुसता कातळ राहिला.

“राजा, तू शिक्षा पुरी केलीस,” म्हातारा म्हणाला. “आता एक देणं माझ्याकडून. तू राजा असून चार पायांवर फिरलास, तुकड्यासाठी गिरक्या घेतल्यास, पलंगाखाली लपलास. ही लाज जन्मभर सलेल. म्हणशील तर त्या दिवसांची आठवण पुसून टाकतो. घडलं हे तुला कळणारही नाही.”

प्रधान घाईने म्हणाला, “महाराज, हो म्हणावं.” राणीने मेण्याचा पडदा हाताने घट्ट धरला.

“नको,” राजा म्हणाला.

“का?” म्हाताऱ्याने विचारलं.

“इतक्या वर्षांत,” राजा म्हणाला, “मी घरी होतो ते तेवढेच दिवस. ते पुसले तर माझ्यापाशी घरचं काहीच उरत नाही.”

मेण्याचा पडदा बाजूला झाला. राणी खाली उतरली आणि साऱ्या लवाजम्यादेखत मोठ्याने रडू लागली. राजाने घोडा नोकराच्या हवाली केला आणि तिच्याबरोबर पायी निघाला. घरी पोचायला दोघांना फार उशीर झाला, कारण बोलायचं बरंच साठलं होतं.

पुढे त्या राज्यात प्रधानाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं जाई, वैद्याने विसावा सांगितला की राजा विसावा घेई, आणि दुपारची वेळ दरबाराला मिळत नसे. त्या राज्याचं भलं झालं, तसं ऐकणाऱ्यांचंही होवो. सांगणाऱ्याचा घसा सुकला आहे, त्याला कुणीतरी घोटभर पाणी द्या.