रेमेतबाईचं मौन

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती घडली तेव्हा मी नव्हतो, माझा आजा नव्हता, आणि बंदरावरचं ते वाकडं चिंचेचं झाडही नव्हतं. लहानांनी जवळ सरकून बसा. मोठे जरा लांब बसले तरी चालेल, त्यांना ऐकू येतं असं ते म्हणतात.

समुद्राच्या काठाला एक कोळ्यांचं गाव होतं. गावामागे टेकडी आणि टेकडीवर एक मठ. मठात पांढऱ्या झग्यातले ख्रिस्ती संन्यासी राहायचे. ते शेत कसायचे, मध काढायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि फार कमी बोलायचे.

गावातल्या काही जणांना त्यांचं जगणं आवडायचं. पण घर, पोरंबाळं, होडी सोडून मठात जाणार कसं? मग मठातल्या मोठ्या फादरांनी वाट काढली. ते म्हणाले, "तुम्ही घरीच राहा. आपापलं काम करा. फक्त मठाची घंटा ही तुमचीही घंटा समजा."

अशा माणसांना गाव 'मठाचे सोबती' म्हणू लागलं. नेम साधा होता. घंटा झाली की हातातलं काम ठेवून प्रार्थना करायची. आणि संध्याकाळच्या घंटेपासून सकाळच्या घंटेपर्यंत मौन पाळायचं. वर्षभर हे नीट जमलं, की मठाच्या सणाला मोठे फादर स्वतःच्या हाताने गळ्यात लाकडी क्रूस घालायचे. मधे मौन मोडलं, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

आता त्या गावात रेमेतबाई नावाची कोळीण होती. तिचा आवाज म्हणजे काय सांगू! ती बंदरावर मासळी विकायला बसली की पलीकडच्या गावातली गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन निघायची. ती नवऱ्याशी बोलायची, मांजराशी बोलायची, बोंबलाशीसुद्धा बोलायची. "काय रे, आज वाळत का नाहीस? घाई नाही वाटतं तुला?"

एकदा ती मठाच्या दारावर मासळी द्यायला गेली. मठातला एक ब्रदर मासळीची पाटी घेऊन आत गेला आणि ती दारात एकटी उभी राहिली. सगळीकडे शांत होतं. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. तिला काय झालं कोणास ठाऊक, डोळे भरून आले. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी मठाची सोबतीण होणार."

नवरा दुमिंग जाळं शिवत होता. त्याने सुई खाली ठेवली. "मौन पाळावं लागतं, रेमे."

"माहीत आहे मला."

"म्हणजे बोलायचं नसतं."

"मौन म्हणजे काय ते मला तुम्ही शिकवणार?" असं म्हणून रेमेतबाई त्यावर बराच वेळ बोलली.

गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. सोबत्यांमधला सर्वांत जुना होता बस्त्याव सुतार. नेमाला कडक, कपाळाला सदा आठी. तो म्हणाला, "रेमेतबाई गप्प बसणार? समुद्राला सांगा जरा गप्प बसायला, तो आधी बसेल."

पण रेमेतबाई बसली. पहिले काही दिवस तिने पदराचा बोळा तोंडात धरला. भात करपतोय हे नवऱ्याला सांगण्यासाठी तिने असे हातवारे केले, की त्याला वाटलं घरात साप निघाला आणि तो खाटेवर चढला. दुमिंगला तर करमेचना. जेवताना तो मांजराला विचारायचा, "तुझी मालकीण रागावली आहे का गं माझ्यावर?" मांजर म्यांव करायचं. तेवढाच त्याला आधार.

हळूहळू बोळा सुटला. रेमेतबाईला मौनाची गोडी लागली. पहाटे होड्या समुद्रात असायच्या, तेव्हा ती बंदरावरच्या पायरीवर जाऊन बसायची. बस्त्यावही तिथे यायचा आणि माळ घेऊन जपत बसायचा. रेमेतबाईला माळ जमायची नाही. ती नुसती ऐकत राहायची. वाळूतून पाणी मागे सरताना कसं वाजतं, खेकडा चालताना कसा वाजतो, असलं काहीबाही.

असं करता करता वर्ष सरत आलं. सण तोंडावर आला. बस्त्यावनेच तिचा क्रूस कोरायला घेतला होता, कारण क्रूस करण्याचं काम त्याचं. कोरताना तो मान हलवायचा, पण कोरत होता.

आणि सणाच्या आदल्या दिवशी, पहाटे, धुकं आलं.

असलं धुकं की आपलाच हात आपल्याला दिसू नये. उजाडलं तरी ते हटेना. त्यात मठातली एक गंमत ऐका. सकाळची घंटा वाजवणाऱ्या ब्रदरला सांगून ठेवलं होतं, की सूर्याची कड दिसली की दोर ओढायचा. त्या दिवशी कड दिसेना. ब्रदर मोठा आज्ञाधारक. दोर हातात धरून तो सूर्याची वाट बघत उभा राहिला.

खाली पायरीवर रेमेतबाई आणि बस्त्याव घंटेची वाट बघत होते. दोघांचं मौन अजून सुटलं नव्हतं.

तेवढ्यात रेमेतबाईने मान वर केली. दूर कुठेतरी लाकडावर लाकूड वाजत होतं. ठक ठक. मग थोडं थांबून, ठक. दुमिंगची ही सवय होती. बंदरात शिरण्याआधी तो वल्हं होडीच्या कडेवर असंच आपटायचा, म्हणजे बायकांनी पाट्या घेऊन यावं. पण आज आवाज समोरून येत नव्हता. उजव्या अंगाने येत होता. तिथे काळे खडक होते. आणि त्या होडीमागे गावातल्या बाकीच्या होड्या असणार.

तिने टेकडीकडे पाहिलं. घंटा नाही. तिने बस्त्यावचा खांदा हलवला, धुक्याकडे बोट दाखवलं. बस्त्यावचे ओठ भराभर हलत होते. त्याने डोळे न उघडताच आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

ठक ठक. ठक. आता आणखी उजवीकडे.

रेमेतबाईच्या डोळ्यांसमोर क्रूस आला. उद्याचा सण आला. सगळं वर्ष आलं. मग ती पायरीवर उभी राहिली, पदर खोचला आणि वर्षभर साठलेला आवाज तिने एकदम सोडला.

"अहो! कुठे चाललात? खडकावर घर बांधायचंय का? तुमच्या उजवीकडे घ्या, उजवीकडे! जेवतो तो उजवा हात!"

धुक्यातून बारीक आवाज आला, "रेमे?"

"रेमे नाही तर काय मत्स्यकन्या? माझ्या आवाजाकडे तोंड करा आणि वल्हवा. मागच्यांना सांगा, होडीला होडी लावून या. आणि काल मीठ आणायला विसरलात ते विसरलात, आता वाट विसरू नका!"

ती थांबलीच नाही. थांबली तर त्यांना दिशा कळणार नव्हती. म्हणून तिने नवऱ्याचे सगळे दोष काढले, मग सासरच्यांचे काढले, ते संपले तेव्हा शेजाऱ्यांकडे वळली. आणि त्या बोलण्याच्या दोरीला धरून एकेक होडी धुक्यातून बाहेर आली. दुमिंग उतरला तो हसतच. म्हणाला, "एवढ्या गोड शिव्या कोणी कधी दिल्या नसतील."

मग धुकं विरळ झालं, सूर्याची कड दिसली आणि मठाची घंटा वाजली. रेमेतबाई मटकन पायरीवर बसली.

बस्त्याव जागचा हलला नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "होड्या आल्या, बरं झालं. पण तुझं वर्ष गेलं, रेमेतबाई."

"गेलं," ती म्हणाली.

दुपारी तिघेही टेकडी चढून मोठ्या फादरांकडे गेले. रेमेतबाईने झालं ते सांगितलं. "फादर, नेम मोडला. उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून धरते."

दुमिंग मागून पुटपुटला, "पुन्हा वर्षभर मांजराशी बोलायचं."

मोठ्या फादरांनी बस्त्यावला विचारलं, "तू तिच्याशेजारीच होतास. तुला वल्हं ऐकू आलं?"

"नाही, फादर. मी जपात होतो. तोंडातल्या तोंडात माझं चालूच होतं."

"आणि रेमेतबाई, गेल्या वर्षी तुला ते ऐकू आलं असतं?"

रेमेतबाईने विचार केला. "कसलं येतंय? गेल्या वर्षी मी बोलतच बसले असते."

फादर हसायला लागले. "मग बस्त्याव, मला सांग, त्या पायरीवर गप्प कोण होतं?"

बस्त्यावच्या कपाळावरची आठी सैल झाली. त्याने पिशवीत हात घालून कोरलेला क्रूस काढला आणि फादरांपुढे ठेवला. "पॉलिश राहिलंय," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत करून देतो."

दुसऱ्या दिवशी सणाला तो क्रूस रेमेतबाईच्या गळ्यात पडला. ब्रदरला सांगण्यात आलं, की धुकं असेल तेव्हा सूर्याला विचारायचं नाही, पहाटेपासून घंटा वाजवतच राहायची. रेमेतबाईने मौन पुढे जन्मभर पाळलं. दिवसा मात्र ती पूर्वीसारखीच बोलायची, आणि दुमिंग पूर्वीपेक्षा जास्त ऐकायचा. पहाटे पायरीवर बस्त्याव माळ खिशात ठेवून तिच्याजवळ बसू लागला. घंटा झाली की विचारायचा, "आज काय काय ऐकलंस गं?"

तर मंडळी, एवढं लक्षात ठेवा: मौन पाळायचं ते दुसऱ्याची हाक ऐकू यावी म्हणून, आणि हाक ऐकू आली की ओ द्यायची.