खाटेखालची अंडी

एकदा एका जाणत्या म्हाताऱ्यापाशी एक हुशार शिष्य शिकायला राहिला होता. हुशार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या हुशारीनेच केला.

म्हाताऱ्यांना सारे येसूनाना म्हणत. गुराढोरांची, कोंबड्या-शेळ्यांची विद्या त्यांच्याइतकी पंचक्रोशीत कोणाला नव्हती. शिष्याचं नाव रावजी. त्या वर्षी नानांनी पाच तलंगा त्याच्या हवाली केल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी.

"अंड्यावर कधी आल्या ते तू मला सांगायचं," नाना म्हणाले. "घाई नको. आणि एका खुणेवर विसंबायचं नाही."

रावजीने ते अगदी मनावर घेतलं. तलंगांचे फिकट तुरे लालभडक झाले, तेव्हा तो म्हणाला, अजून थांबू. पाठीवर हात ठेवताच पांढरी तलंग पळायची सोडून पंख पसरून खाली दबली, तरी तो म्हणाला, आणखी दोन दिवस पाहू. मग तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये त्याची दोन बोटं सहज मावली. तेव्हा कुठे त्याने नानांना वर्दी दिली आणि खुराड्यात पेंढ्याची टोपली मांडली. नाना मनापासून खूश झाले.

आठवडा गेला. टोपली रिकामी ती रिकामीच. कोंबड्या मात्र रोज सकाळी ओरडून आवार डोक्यावर घ्यायच्या. आता अंडं घातल्यावर कोंबडी ओरडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग अंडी जात होती कुठे?

सकाळच्या वेळी आवारात येणारं बाहेरचं माणूस एकच, भागाबाई. ती गोठा झाडायची, शेण पाटीत भरायची आणि गोवऱ्या थापायला घेऊन जायची. भरली पाटी एकटीला उचलवत नसे. "रावजीदादा, जरा हात लावा," असं ती रोज म्हणायची, आणि रावजी रोज हात लावून पाटी तिच्या डोक्यावर ठेवायचा. तीन वर्षं हा नेम चालला होता.

त्या दिवशी नाना परगावी एका बैलाला पाहायला गेले होते. रावजीने भागाबाईला वेशीपाशी गाठलं. पाणी भरणाऱ्या बायका तिथेच होत्या.

"पाटी खाली ठेव."

"का वो दादा?"

"ठेव म्हणतो ना!"

तिने कशीबशी एकटीनेच पाटी उतरवली. रावजीने ती उपडी केली आणि सगळ्यांदेखत कोपरापर्यंत हात घालून शेण चिवडलं. अंडं काही सापडलं नाही. पण हुशार माणूस हार मानतो होय? "आजची आधीच लपवली असशील," असं म्हणून तो हात धुवायला निघून गेला.

तो वळण्याआधी भागाबाईने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. खाली बसून तिने सांडलेलं शेण ओंजळीओंजळीने भरलं. हात लावा, असं त्या दिवशी ती कोणालाच म्हणाली नाही. पाटी गुडघ्यावर घेतली, तिथून छातीशी, तिथून डोक्यावर. बायका नुसत्या पाहत राहिल्या. संध्याकाळपर्यंत ती ज्यांचे गोठे झाडायची, त्या आणखी दोन घरांनीही तिला निरोप धाडला, उद्यापासून येऊ नकोस. त्या तीन गोठ्यांवरच तिची चूल पेटत होती.

नाना परतले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाटीत काय निघालं?"

"शेण."

"हं," नाना एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी नानांनी ऊन चांगलं वर येईपर्यंत खुराडं उघडू दिलं नाही. अंड्याच्या कळेने आत तलंगांचा नुसता जीव कासावीस. मग त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "आता पांढरीच्या मागोमाग जा. तिला कळू देऊ नकोस."

पांढरी दाण्याकडे वळली नाही, पाण्याकडे वळली नाही. ती तडक गोठ्याच्या बाजूच्या खोलीत शिरली, रावजीच्याच खोलीत. खाटेखाली जुन्या गोणपाटांचा ढीग होता, त्यात ती दिसेनाशी झाली. रावजी गुडघ्यांवर बसला आणि वाकला. गोणपाटाच्या खळग्यात पांढरीची आणि बाकीच्यांचीही अंडी होती, चांगली चौदा. सगळा आठवडा तो त्यांच्यावर झोपला होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेशीवर भागाबाईने आपल्याकडे एकदाच पाहिलं होतं, ते पाहणं आता त्याला आठवलं.

पांढरी अंडं घालून बाहेर पडली तेव्हा नाना दाराशी उभे होते. हातात शेणाची रिकामी पाटी. "भर यात सगळी," ते म्हणाले. पंधरा अंडी भरून झाल्यावर त्यांनी वर पेंढा पसरला आणि पाटी स्वतः उचलून रावजीच्या डोक्यावर ठेवली. "वेशीवरून भागाबाईच्या घरी जा. जो विचारेल त्याच्यापुढे पाटी उतरवायची, दाखवायची, आणि कुठे सापडली ते सांगायचं."

का, कशासाठी, नानांनी काहीच सांगितलं नाही. रावजीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण तो गेला.

विचारणारे थोडे का असतात! वेशीवर पाच जणींनी विचारलं. ज्या दोन घरांनी भागाबाईला नको म्हटलं होतं, त्यांनीही विचारलं. रावजी दर वेळी वाकला, पाटी उतरवली, पेंढा बाजूला केला आणि म्हणाला, "माझ्याच खाटेखाली होती." काहीजण हसले. काहीजणांनी मान खाली घातली. पाटी परत चढवायला मात्र कोणी पुढे आलं नाही.

भागाबाई दारात गोवऱ्या रचत होती. त्याला पाहून ती उठली. आता ही विचारणार, म्हणून तो मनाची तयारी करू लागला.

"थांबा दादा, हात लावते," ती म्हणाली. दोन्ही हातांनी धरून तिने पाटी अलगद उतरवली, भिंतीशी ठेवली आणि परत गोवऱ्यांकडे वळली. आत काय आहे ते तिने विचारलंच नाही.

"मावशी, बघा तरी..." रावजी म्हणाला.

"काय बघायचं? तुमची पाटी."

मग त्याला रडू आवरेना. रडत रडत त्याने सगळं सांगितलं आणि तिचे पाय धरले. भागाबाईने पाय मागे घेतले. "काल घरी येऊन घास उतरला नाही माझ्या घशाखाली," ती म्हणाली. मग पाटीतला पेंढा सारत म्हणाली, "सगळीच आणलीत व्हय? एक तरी ठेवायचं तिथं. नाहीतर कोंबडी जागा सोडती." तिने पाटीतलं एक अंडं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "जावा. उद्या येते मी, गोठा तुंबला असंल."

रावजी ते एक अंडं तळहातावर घेऊन परतला. नाना ओट्यावर बसले होते.

"रावजी, कोंबडीबद्दल बोलायला तुला तीन खुणा लागल्या," ते म्हणाले. "तरी दोनदा थांबलास. मला तुझा अभिमान वाटला होता. त्या बाईबद्दल बोलायला तुला एकही खूण लागली नाही. उलट पाटी उपडी केल्यावर जी खूण मिळाली, तीही तू मानली नाहीस. तुझ्या हाताला विद्या आली रे, पण ती कोंबडीपुरतीच आली."

रावजी खोलीत गेला, खाटेपुढे गुडघे टेकले आणि ते अंडं गोणपाटाच्या खळग्यात होतं तिथे परत ठेवलं.

दुसऱ्याची पाटी उतरवायला लावण्याआधी आपण आपल्या खाटेखाली वाकून पाहिलेलं असतं का, एवढंच मला विचारायचं आहे.