रविवारचा बुटका खांब

एकदा एका वृद्ध कारागिराच्या मनात आले, की हात थरथरू लागण्याआधी आपली विद्या कुठेतरी ठेवून जावी. हार्मोनियमची, म्हणजे आपल्या पेटीची, दुरुस्ती करण्यात त्यांची हयात गेली होती. शिष्या यामिनी हुशार. तिने संकेतस्थळ तयार केले. फाटलेला भाता कसा सांधावा, उतरलेला सूर कसा लावावा, सगळे त्यावर लिहून ठेवले. पहिल्याच पानावर तिने दोन आलेख मांडले. वरच्यात रोज किती जण आले त्याचे निळे खांब, खालच्यात माणूस सरासरी किती वेळ थांबला त्याची रेघ. खांब चाळिशीच्या वर असत. रेघ बिचारी जमिनीला चिकटलेली, जेमतेम चार मिनिटांवर.

संकेतस्थळाच्या खर्चाचा भार वाद्यांचे एक व्यापारी उचलत. त्यांनी निरोप धाडला, "गुरुवारी दुपारी येऊन बघतो. लोक येत असतील तर चालू ठेवू, नाहीतर दिवाळीनंतर बंद."

गुरुवारी सकाळी वृद्धांनी चष्मा पुसला आणि आलेखावर बोट ठेवले. "हा रविवारचा खांब बुटका का गं?"

"रविवारी मी मामाकडे गेले होते, तात्या."

"मग खांबही तुझ्याबरोबर मामाकडे जेवायला गेला होता की काय?"

यामिनी हसली, आणि हसता हसता थांबली. खांब किती वाढला हे बघायला ती तासातासाला ते पान उघडत असे. तात्यांच्या सूनबाई चहा टाकला की उघडत. शेजारीपाजारीही कौतुकाने उघडत. आणि यंत्र दर वेळी एक पाहुणा मोजत होते.

"आपल्या सगळ्यांचे फोन त्यातून वगळ," वृद्ध म्हणाले.

"तात्या, शेठ आज येणारेत. उद्या वगळते ना."

"ते यायच्या आधी वगळ."

यामिनी म्हणाली, "आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

वृद्धांनी समोरच्या पेटीतला पितळी सूर, म्हणजे जिच्यातून आवाज निघतो ती पट्टी, उचलून तळहातावर ठेवला. "सूर घासताना मला कधी गुणगुणताना पाहिलंस? नाही ना. गुणगुणलो तर मला माझाच गळा ऐकू येईल, आणि वाटेल, वा, काय छान लागला. खोट कळेल ती पेटी गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर. आपण गप्प राहिलो तरच तिचा आवाज कळतो, बाळा. मग तो बारीक का असेना."

यामिनीने फोन वगळले. खांब चारपाचावर आले, सोमवारी तर दोनच. खालच्या रेघेकडे पाहण्याचा तिला धीर झाला नाही.

व्यापारी आले, पाणी प्यायले, पडद्याकडे वाकले. "तात्या, पाचच माणसं?"

"पाचच."

ते उठणार, तोच त्यांची नजर खाली गेली. "आणि ही रेघ पस्तीस मिनिटांवर कशी?"

यामिनीनेही वाकून पाहिले. घरच्यांचे डोकावणे निघून गेले होते. उरले होते ते खरोखर शिकायला बसलेले.

व्यापारी पुन्हा टेकून बसले. मग म्हणाले, "माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाच मिनिटं टेकत नाही हो. चालू राहू दे हे."

दुसऱ्या दिवशी यामिनीचा हात सवयीने फोनकडे गेला. तो तिने मागे घेतला, आणि कानस उचलून उतरलेला सूर घासायला बसली. खोलीत कुणी गुणगुणत नव्हते.

आपल्या कामाला दाद किती, हे मोजण्याआधी आपणही क्षणभर असेच गप्प बसून पाहावे.