क्रुसापुढचे चणे

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पण वारा पडलेला. मे महिन्यातला वसईचा उकाडा. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती.

"ही कुणाला देऊ, तेवढं सांगा."

बावतीसने गिटार इनासबाबांच्या ओट्यावर आडवी ठेवली.

इनासबाबा शेजारचेच. वाडीच्या क्रुसापुढे संध्याकाळची प्रार्थना तेच सांगत. वय एवढं, की वाडीत त्यांच्याहून जुना तो क्रूसच काय तो.

"का रे, देतोस कशाला?"

"नाही जमत."

"पण वाजवतोस की. रोज ऐकतो मी."

"अर्धंच वाजतं."

तसा बावतीस हट्टी माणूस. विहिरीत पोहायला आपला आपणच शिकला, मोटार चालवायला आपला आपणच शिकला, आणि हे चारचौघांत सांगायलाही कधी विसरला नाही. आता साठीला टेकल्यावर ही गिटार. मोबाइलवर एक पोरगा शिकवायचा. "अगदी सोपं आहे," म्हणून तो हसायचा, आणि इकडे बावतीसच्या बोटांची सालं निघायची.

हट्टाच्या पोटात मात्र दुसरंच होतं. क्रुसाच्या सणाला गाणं धरायची ती त्याची बायको, रेजिना. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला, तो गेलाच. "यंदा तुझं गाणं मी वाजवीन," असं बावतीस तिला बोलून बसला होता.

आणि सण आजच होता.

"अडतं कुठं?" बाबांनी विचारलं.

"तिसऱ्या ओळीत. तिथं एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या असतात. दाबल्या की भांडं घासल्यासारखा आवाज येतो."

"मग काय करतोस?"

"करणार काय? पुन्हा पहिल्यापासून. नीट यायला नको?"

"आणि पुन्हा चुकलं म्हणजे?"

"पुन्हा पहिल्यापासून."

इनासबाबांनी ओट्यावरची गिटार जवळ ओढली.

"बावतीस, शेवटची ओळ कशी वाजते रे?"

तो सांगायला गेला... आणि थांबला. तिथवर तो कधी पोचलाच नव्हता.

"पहिली ओळ आमच्या कोंबड्यांनासुद्धा पाठ झालीय," बाबा म्हणाले. "पुढचं त्या बिचाऱ्यांनाही ठाऊक नाही."

"करा थट्टा. म्हणून तर देऊन टाकतोय."

"दे की. उद्या दे. आज क्रुसापाशी घेऊन ये."

"सगळ्यांसमोर? हसतील लोक."

"हसतील."

संध्याकाळी क्रुसाला अबोलीचे हार चढले, मेणबत्त्या लागल्या. पायरीवर उकडलेल्या चण्यांची टोपली येऊन बसली. गाणं संपल्याशिवाय तिच्यावरचं फडकं काढायचं नाही, ही वाडीची रीत. वारा नव्हता, त्यामुळे ज्योती अगदी सरळ उभ्या होत्या.

प्रार्थना झाली. इनासबाबांनी बावतीसकडे बघून मान हलवली.

पहिली ओळ सुरेख गेली. दुसरीही बरी गेली. तिसरीला बोट घसरलं, तारा खरखरल्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं. बावतीसचा हात थांबला, आणि सवयीने परत पहिल्या ओळीवर गेला...

पण वाडी थांबली नव्हती.

बायका चौथ्या ओळीत शिरल्या होत्या, त्यांच्यामागून पुरुष. सगळे गात पुढे चालले होते, आणि पहिल्या ओळीपाशी बावतीस एकटाच उभा होता.

त्याने रेजिनाकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण चौथी ओळ होती, ती दिसत होती.

त्याने पहिली सोडून दिली. सापडलं तिथं धरलं. एक तार लागली, दोन हुकल्या. शेवटच्या ओळीत तर बोटं नुसती चाचपडत होती, नव्या घरात अंधारात दिव्याचं बटण शोधावं तशी. तरी रेजिनाचे ओठ मिटले, त्याच घडीला त्याचाही हात थांबला.

टोपलीवरचं फडकं निघालं. रेजिना पुढे आली. तिने त्याच्या हातातली गिटार घेतली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली.

बावतीस घामाने निथळत होता.

"बाबा, चुकलं हो. पार चुकलं... पुन्हा एकदा वाजवू का? पहिल्यापासून?"

इनासबाबांनी मूठभर चणे काढले आणि त्याच्या सोललेल्या बोटांच्या ओंजळीत घातले.

"खा आधी. निवताहेत."