तळ्याकाठचा काळा बगळा

एका राजाच्या बागेत बकुळा नावाची माळीण होती, आणि तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कारण होते एक झाड.

ही बाग राजाने तळ्याभोवती मोठ्या हौसेने रचून घेतली होती. दगडी हत्ती उतारावर, दगडी हरिणे गवतात, आणि पाण्याच्या कडेला दगडी बगळा. सगळे कायमचे रोवलेले. बगळा घडवला सिदोजी पाथरवटाने, पण त्या मुलखात दगड मिळे तो काळाच. तेव्हा दरबारी हसले होते, "सिदोजी, बगळा सांगितला होता, कावळा बसवलात." जाताना सिदोजी बकुळेला एवढेच म्हणाला, "ह्याच्यामागे तगर लाव. पांढऱ्या फुलांपुढे बरा दिसेल."

तेव्हा बकुळेच्या कुशीत महिन्याची लेक ठकू होती आणि डोळ्यांत महिन्याची झोप. तगरीचे रोप तिने लावले वाटेवर, आणि वाटसरूंच्या सावलीसाठी आणलेला करंज लावला बगळ्यामागे. सात वर्षांत वाटसरू तगरीखाली सावली शोधून दमले. इकडे करंज उंच झाला, त्यावर खरे बगळे मुक्कामाला येऊ लागले आणि दगडी बगळ्यावर रोज त्यांच्या शिटेचा पांढरा सडा पडू लागला. बकुळा रोज सकाळी तो काथ्याने घासून काढी. आपल्या हातून एक काम धड होत नाही, असे स्वतःला बोल लावत घासी.

आणि आता राजा सिदोजीला घेऊन बाग पाहायला येणार होता. चूक दिसली तर काम जाणार, बागेतले खोपटेही जाणार.

कारभारी म्हणाला, "करंज तोडून टाक. विचारलेच तर सांग, वीज पडली."

बकुळेने कुऱ्हाड उचलली. वर पाहिले तर घरट्यांतून पिल्ले माना काढून तिच्याकडेच बघत होती. तिने कुऱ्हाड ठेवून दिली. या घोरात तीन दिवस बगळा घासायचेही राहून गेले. चौथ्या दिवशी पाहुणे भल्या सकाळीच दारात.

सिदोजी बगळ्यासमोर उभा राहिला.

"करंज मीच लावला, दादा," बकुळा म्हणाली. "तगर समजून. चूक माझीच. आणि ही घाण मी रोज घासते, पण तीन दिवस..."

"रोज घासतेस?"

"रोज."

"म्हणजे सात वर्षे माझा बगळा काळा ठेवणारी तूच होय?"

बकुळेने मान खाली घातली. मग तिला राजाचे हसणे ऐकू आले. वर पाहते तो दगडी बगळा मानेपासून पाठीपर्यंत पांढरा, आणि त्याच्या शेजारी उथळ पाण्यात दोन खरे बगळे निवांत उभे.

"आज ओळखू आला," राजा म्हणाला.

सिदोजीने बकुळेला हात जोडले. "बाई, मी नुसता दगड रोवला होता. त्याची जातभाई मंडळी तू आणलीस. झाड राहू दे. आणि कृपा करून आता घासू नकोस."

काथ्याने सोललेले हात बकुळेने पदरात लपवले, आणि डोळेही त्याच पदराने पुसले.

ठकूने तिचा पदर ओढला. "आई, मग आजपासून मलापण नको घासूस."

तात्पर्य: लपवलेली चूक एकट्याने घासत बसावी लागते, मोकळेपणाने सांगितली, तर तिच्यातले चांगले दाखवणारा कुणी भेटतो.