चेअरमनच्या गोठ्यातली पाहुणी

दूधसंस्थेचे चेअरमन रंगराव यांच्या स्वतःच्या गोठ्यात वीस गाई होत्या, पण डोळा मात्र शेजारच्या सगुणाक्काच्या एकुलत्या एका गाईवर. ती वेळेला दहा लिटर दूध द्यायची. सरकारचं लिटरमागचं अनुदान अक्काच्या खात्यात जमा झालं, की रंगरावांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी तक्रार ठोकली, "बाई दुधात पाणी घालून अनुदान लाटते!"

तपासणीला साहेब आले. रंगराव म्हणाले, "हिची गाय आठवडाभर माझ्या गोठ्यात बांधा. खरं-खोटं कळेल."

अक्कानं मुकाट्यानं दावं त्यांच्या हाती दिलं. आठवड्यानं साहेबांसमोर धार काढली, तर तीन लिटरही दूध निघेना. रंगरावांचा आनंद गगनात मावेना.

"करा हिचं अनुदान बंद!"

अक्कानं गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "तात्या, हिला तुमच्या गाईंइतकंच खायला घातलंत ना?"

"अगदी तेवढंच! उपाशी मारायला मी काय कसाई आहे?"

"मग साहेब, याच खाण्यावर संस्थेच्या वहीत यांच्या गाई बारा-बारा लिटर कशा देतात? एक तर माझी गाय उपाशी होती, नाही तर यांच्या दुधात पाणी आहे. काय ते तात्यांनाच विचारा."

साहेब रंगरावांकडे वळले. रंगरावांनी मान खाली घातली.

"उपाशी होती," ते पुटपुटले.

संध्याकाळी गाय घरी परतली. साहेबांच्या हुकमानं तिच्यामागून रंगरावांचा गडी पेंडीचं पोतं घेऊन निघाला. ते जाताना बघून रंगरावांना त्या रात्रीही जेवण गोड लागलं नाही.